अंधाऱ्या स्फोटाचं नाव

धरमपेठ, नागपूर
१९ जानेवारी

प्रिय सुमंत,

पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून हा शब्द लिहिला आहे, त्यात जास्त काही वाचू नकोस. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा सांगत, की नळ दुरुस्त करून न देणाऱ्या घरमालकालासुद्धा आधी 'प्रिय' लिहावं आणि मग खाली त्याची खबर घ्यावी. तेव्हा खबर घेते. गेल्या रविवारी तू पुण्याहून इथे येऊन व्याख्यान दिलंस. त्यात एक शब्द वापरलास, आणि शाळकरी मुलांसाठी तू जे अवकाशाचं पुस्तक लिहितो आहेस त्यातल्या एका प्रकरणाला तेच नाव दिलंय असं छाती फुगवून सांगितलंस. पुस्तक महिनाअखेर छपाईला जाणार आहे. त्याआधी तो शब्द तू काढून टाकावास एवढ्यासाठी हे पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि ज्या कागदावर तुझं नाव आहे तो तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

मी सातव्या रांगेत होते. व्यासपीठावरून तुला आमची डोकीच दिसली असतील, आणि ती सगळी सारखीच पांढरी होती. सुशीलने तुझी ओळख करून दिली. आपल्या वर्गातल्या एकुलत्या एका मुलाने विज्ञान मंडळ चालवायला घेतलं आणि तो सुशील निघाला, हे नागपूरचं नशीब. त्याने तुला 'ब्रह्मांडाचा वाटाड्या' म्हटलं आणि तू मान खाली घालून ते खरं असल्यासारखं ऐकून घेतलंस. माणूस आयुष्यभर सूर्यावरचे डाग मोजतो आणि निवृत्त झाल्यावर ब्रह्मांडाचा वाटाड्या होतो. मग शाल, मग श्रीफळ, मग तुझा तो खिशातून लाल दिव्याची कांडी काढून पडद्यावर नाचवण्याचा प्रकार. पहिला अर्धा तास बरा होता, खोटं कशाला बोलू. गॅमा किरणांचे स्फोट कसे सापडले, अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या उपग्रहांनी भलत्याच दिशेचे लखलखाट कसे टिपले, हे तू रंगवून सांगितलंस. माझ्या शेजारचे गृहस्थ, जे व्याख्यानानंतरच्या तर्री-पोह्यांसाठी आले होते, तेसुद्धा जागे होते.

मग तू त्या स्फोटांकडे वळलास ज्यांच्यामागे दिसणारा उजेड सापडत नाही. इंग्रजीत त्यांना 'डार्क' म्हणतात, एवढं सांगून तू थांबलास, कांडी खिशात ठेवलीस, आणि म्हणालास, 'आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे आणि तो मी पहिल्यांदा वापरतो आहे. वांझ स्फोट. भडका मोठा, गाजावाजा मोठा, पण मागे काही ठेवून जात नाही.' आणि तू वाट पाहिलीस. तुला ठाऊक होतं हशा येणार, म्हणून पाण्याचा घोट घेण्याची जागा तू तिथेच ठेवली होतीस. हशा आला. पोह्यांवाले गृहस्थ तर खोकेपर्यंत हसले.

मी प्रश्नोत्तरांच्या वेळी उठले. तू लगेच म्हणालास, 'अरे, ही तर आमची शामला. वर्गात पहिली यायची, पण मराठी मात्र हिचं कॉन्व्हेंटचं.' पुन्हा हशा. पन्नास वर्षांत तुझा विनोद पुढच्या वर्गात गेला नाही. मी म्हटलं, शब्द चुकीचा आहे आणि वाईटही आहे, मुलांच्या पुस्तकात घालू नका. सभेत मी तुला 'अहो' म्हणाले याची नोंद घे, मला रीत कळते. तू म्हणालास, 'शब्दाला भावना नसतात, बाई. विज्ञानात हळवेपणा चालत नाही.' आणि मग तू पुरावा काढलास. पहिल्या रांगेकडे हात करून म्हणालास, 'ही बसली आहे माझी सून, उन्नती. या बाईंचीच विद्यार्थिनी. बघा, ती हसते आहे. तिला काही वाटलं नाही, मग तुम्हाला काय झालं?' सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. ती हसत होती हे खरं आहे. मीही पाहिलं.

बाहेर पोह्यांच्या रांगेत सुशीलने मला गाठलं. 'शामला, तू बी ना. सोड ना बाप्पा. एक शब्द तर आहे. पोहे घे पहिले, थंडे होऊन राहिले.' त्याच्या मते जगातल्या कुठल्याही मतभेदावर गरम तर्री हा उपाय आहे. माझ्यामागे दोघी होत्या, मी बहिरी आहे अशा समजुतीने बोलत होत्या. 'काय वं, इतकं काहून लागलं हिले?' 'लेकरू नाही ना हिले. म्हणून लागलं.' मी वळून त्यांना सांगितलं की शेव भरपूर आहे, तोंड भरून घ्या. त्यांनी खरंच घेतली. तेवढ्यात उन्नती आली, माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि माझ्याबरोबर पायऱ्या उतरत म्हणाली, 'मॅडम, तुम्ही काहून उठून राहिल्या होत्या? बाबांले वाईट वाटलं असंन ना.' वाईट कुणाला वाटलं असेल याची तिने केलेली ही यादी. त्यात तू एकटाच होतास.

आता शास्त्राचं बोलू, कारण हळवेपणा तुला चालत नाही. तू म्हणालास, या स्फोटांमध्ये मागे उजेड ठेवण्याची ताकदच नसते. हे तू कुठे वाचलंस? मला शंका आहे की तू ते वाचलं नाहीस, शब्द सुचल्यावर त्याला शोभेल असं शास्त्र बेतलंस. प्रचंड तारा कोसळतो, त्याच्यातून दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटतात, गॅमा किरणांचा लखलखाट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो. पण ते झोत भोवतालच्या वायूवर आदळत राहतात, आणि त्या धडकेतून क्ष-किरण, साधा प्रकाश, रेडिओ लहरी असं सगळं बाहेर पडत राहतं, मंद होत होत, कितीतरी दिवस. हा मागाहूनचा उजेड दुर्बिणीला पहिल्यांदा सापडला सत्त्याण्णव साली. आणि त्याच वर्षी दुसरा एक स्फोट असा निघाला की क्ष-किरण स्वच्छ, आणि साध्या प्रकाशात काही नाही. मोठमोठ्या दुर्बिणी लावून बसलेल्या कुणीही तेव्हा 'यात ताकद नव्हती' असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, उजेड गेला कुठे? एवढाच फरक असतो शास्त्रज्ञात आणि वाटाड्यात.

गेला कुठे, तर त्याची उत्तरं एकाहून जास्त आहेत. काही वेळा बघणाऱ्यांनाच उशीर झाला. सुरुवातीच्या काळात स्फोटाची नेमकी जागा कळेपर्यंत कितीतरी तास जात, मग कुणीतरी लहानशी दुर्बीण तिकडे वळवी आणि म्हणे, इथे काही नाही. इतवारीत दुकानांची शटरं पडल्यावर जायचं आणि बाजार भरलाच नव्हता म्हणून सांगायचं, त्यातली गत. काही स्फोटांच्या भोवती वायूच विरळ असतो, ते खरोखर मंद असतात, हेही कबूल. थोडे इतके दूरचे असतात की त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना ताणला जातो, आणि वाटेतला हायड्रोजन त्यातला जो भाग गिळतो तो नेमका आपल्या डोळ्यांना दिसणारा भाग असतो. तिथे अवरक्त दुर्बीण लावली की उजेड सापडतो. तो होताच, आपल्या डोळ्यांच्या पट्ट्यात नव्हता, इतकंच.

पण सर्वांत जास्त वेळा कारण असतं धूळ. तीही वाटेतली कुठलीतरी नव्हे, त्या ताऱ्याच्या स्वतःच्या घरची, त्याच्याच दीर्घिकेतली. काजळीसारखे बारीक कण. साधा प्रकाश त्यात अडकतो, क्ष-किरण आरपार येतात. म्हणून तर अंधारा कोण हे ठरवताना आधी क्ष-किरण मोजतात, त्यावरून साधा प्रकाश किती असायला हवा होता ते काढतात, आणि तेवढा दिसला नाही तर अंधारा म्हणतात. म्हणजे 'अंधारा' या शब्दातच कबुली आहे की उजेड असायला हवा होता. तू ती कबुलीच पुसून टाकलीस. आणि आता नीट ऐक, कारण यासाठी मला रविवारी माईक मिळाला नाही. ही धूळ कुठे असते? जिथे तारे जन्माला येतात तिथे. असे प्रचंड तारे फार थोडं जगतात, जन्मल्या ढगापासून लांब जायलाही त्यांना सवड मिळत नाही. धुळीमागे झाकलेले हे स्फोट ज्या दीर्घिकांत सापडतात, त्यांतल्या कितीतरी दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म जोरात चाललेला असतो. साऱ्या आकाशात 'वांझ' म्हणायला तुला तीच जागा सापडली, सुमंत. बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद दिसलं म्हणून तू बाहेरून त्यावर पाटी लावून आलास.

आणि शब्दाचं म्हणशील, तर मराठीत वांझोटी चर्चा म्हणतात, हे तुझं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणतात खरं. मला तेही आवडत नाही, पण चर्चा बिचारी कुणाच्या घरची सून नसते. हा शब्द स्फोटासाठी जन्मलेला नाही. तो बाईसाठी जन्मला, तिच्यासमोर कुजबुजण्यासाठी आणि तिच्या पाठीमागे मोठ्याने बोलण्यासाठी. ओटी भरताना जिच्यापुढून ताट पुढे सरकतं, बारशाला जिला पाळण्यापासून दोन हात लांब बसवतात, तिचा तो शब्द आहे. नववीच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला जाईल, मागच्या बाकावर खिदळणं होईल, आणि एखादी मुलगी घरी जाऊन मावशीकडे वेगळ्या नजरेने बघेल. 'अंधारे स्फोट' म्हण. साधा शब्द आहे, मुलांना कळतो, आणि बोट बघणाऱ्याच्या डोळ्याकडे जातं, जिथे ते जायला हवं.

तुझ्या घरात हा शब्द मी पूर्वी ऐकला आहे. तुझ्या घरात म्हणजे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, पण घरची माणसं तीच. एम.एस्सी.ची परीक्षा झाली होती, आपलं लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं, आणि मला पोटातली गाठ काढायला नेलं. गाठीबरोबर आणखीही काढावं लागलं. तिसऱ्या दिवशी काकू, म्हणजे तुझी आई, मोसंब्यांची पिशवी घेऊन मला बघायला आल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला, लवकर बरी हो म्हणाल्या, आणि दार अर्धं उघडं ठेवून बाहेर जाऊन तुझ्या आत्याला म्हणाल्या, 'वांझ मुलगी का करायची? आमच्या सुमंतमध्ये काय खोट आहे?' त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे, तो दाराला जुमानणारा नव्हता. तू पाण्याच्या माठाशी उभा होतास. मला खाटेवरून तुझी पाठ आणि कोपर दिसत होतं. तू भांडं भरलंस, पाणी प्यायलास, भांडं पालथं घालून ठेवलंस. आणि तिघं जिना उतरून गेलात.

मी तेव्हा रडले नाही. तुझ्या लग्नाला आले, मठ्ठा-जिलबी जेवले, तुझ्या बायकोच्या हातात आहेर ठेवला. ती चांगली होती, तुझ्यापेक्षा कितीतरी चांगली, आणि ती आधी गेली याचं मला खरोखर वाईट वाटलं. मांडवात लोक म्हणत होते, शामलाला काही वाटलेलं दिसत नाही. बरोबर होतं त्यांचं. दिसलं नव्हतं. मागच्या वर्षी तू सुशीलला म्हणालास म्हणे, 'शामलाने ते सगळं फार समंजसपणे घेतलं.' त्याने ते मला प्रशंसा म्हणून सांगितलं. समंजसपणे घेतलं, असं पुरुष तेव्हा म्हणतात जेव्हा त्यांनी त्या दिशेला कधी तोंडच केलेलं नसतं. तुला भीती वाटायला नको म्हणून लिहिते, की मला त्याबद्दल तुझ्याकडून काही नको. तुझ्याशी लग्न झालं नाही याचं दुःख कधीच संपलं, आणि रविवारचं व्याख्यान ऐकून तर मी घरी येऊन चहात एक चमचा साखर जास्त घातली.

उन्नतीचं मात्र सांगायला हवं. ती तुझी सून होण्याच्या कितीतरी आधी माझी विद्यार्थिनी होती. रामटेककडची, वडिलांची धानाची शेती, कॉलेजात आली तेव्हा वर्गात तोंड उघडत नसे. ताऱ्यांचा शेवट शिकवत होते तेव्हा पहिल्यांदा हात वर केला. म्हणाली, 'मॅडम, तारा मेला तं त्याची तेरवी कोण करते?' वर्ग पोट धरून हसला. ती पण हसली, वर्गाबरोबर. तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, 'मले खरंच विचारायचं होतं.' तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही मुलगी हसते तेव्हा तिच्याकडे जास्त नीट बघायला हवं. पुढे तुझ्या जितेंद्रशी तिचं जमलं, दोघं इथल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एकाच कंपनीत होते. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तू पाहुण्यांसमोर तिच्या 'मले-तुले'ची नक्कल करून दाखवलीस. पुण्याच्या पाहुण्यांना फार आवडली. ती तेव्हाही हसली, आणि तू सगळ्यांना सांगितलंस, आमची सून खेळकर आहे, मनाला लावून घेत नाही. इतकी वर्षं तू त्याच एका पुराव्यावर घर चालवतो आहेस.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी तुझा निरोप सुशीलमार्फत आला. 'शामलाला सांग, उन्नती मजेत होती, मी मुद्दाम बघत होतो.' मुद्दाम बघत होतास. व्यासपीठावरून, डोळ्यांवर दिवे घेऊन, हशा मोजता मोजता. जितेंद्रचाही फोन आला. 'मॅडम, बाबांचं वय झालंय, तुम्ही सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.' बाबांचं वय झालंय. माझं काय, मी अजून लगोरी खेळते? तो चांगला मुलगा आहे, पण त्याला लहानपणापासून एकच काम दिलेलं आहे, तुझ्यापर्यंत काही पोचू द्यायचं नाही. ते तो मन लावून करतो. तुझ्या घरात कुणाला काय झालं हे तुला कळत नाही याचं श्रेय निम्मं तुझं आणि निम्मं त्याचं.

हे पत्र मी माझ्यासाठी लिहिते आहे असं तुला इथवर वाटलं असेल. माझ्यासाठी लिहायचं असतं तर पन्नास वर्षांपूर्वी लिहिलं असतं, तेव्हा पोस्टही स्वस्त होतं. मंगळवारी दुपारी उन्नती माझ्याकडे आली. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, ती समोर बसून सोलायला लागली. अर्धी वाटी दाणे झाले. मग शेंगांकडे बघतच म्हणाली, 'मॅडम, तिसरं पण गेलं.' तिच्या पोटातलं पहिलं गेलं ते तुला कळलं नाही, दुसरं कळलं नाही, हेही कळलं नसतं. तुझ्या व्याख्यानाच्या आदल्याच आठवड्यातलं. जितेंद्र म्हणाला होता, बाबांना सांगायचं नाही, ते खचतील. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. पण पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची राखलेली होती, ती रिकामी दिसली तर तू विचारशील, आणि विचारलंस तर सांगावं लागेल, म्हणून ती अंगावर शाल घेऊन आली आणि बसली. तू तो शब्द उच्चारलास, हशा पिकला, तू तिच्याकडे बोट केलंस, आणि साऱ्या सभेसमोर तिच्याकडे करण्यासारखं एकच होतं, ते तिने केलं. हे तुला लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, 'लिहा. पण बाबांले म्हणा, मले काही विचारू नका.' तेव्हा आता तुला काय करायचं ते सांगते. शब्द काढ. प्रकाशकाने कारण विचारलं तर सांग की शास्त्राच्या दृष्टीने चूक होता, ते खोटं ठरणार नाही. जितेंद्रला हे पत्र दाखवू नकोस, फक्त एवढं सांग की इथून पुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही. आणि होळीला इकडे येशील तेव्हा आवाज बारीक करून, डोळे भरून तिच्यापुढे उभा राहू नकोस. मागायचीच असेल तर माफी तुझ्या पुण्याच्या घरात, आरशासमोर माग. तिच्यासमोर मागितलीस, तर तिला पुन्हा हसावं लागेल.

स्वतःचीच,
शामला